पैठणीवर आमटी सांडली (बी विंगचा ग्रुप)

मानसी, ५०२: अर्जंट! बारशाच्या पंगतीत वाढप्याच्या हातून आमटी थेट माझ्या पैठणीवर. पदर वाचला, पण निऱ्यांवर वीतभर डाग. आत्ता रिक्षात आहे. घरी गेल्यावर काय करू? साडी सासूबाईंची आहे 😭

सावंत काकू, २०३: अगं, आधी पाणी लावू नकोस. आणि घासू तर मुळीच नकोस.

कुणाल, ३०१: हे बघ, आत्ताच आलंय फॉरवर्ड: "लिंबू, खायचा सोडा आणि ब्लीच एकत्र करून लावा, कुठलाही डाग २ मिनिटांत गायब!"

राणे काका, १०४: कुणाल, ते डिलीट कर बाबा. ब्लीचमध्ये लिंबू किंवा व्हिनेगर पडलं की क्लोरीन वायू सुटतो. आपल्या एवढ्याशा बाथरूममध्ये कोणी हा प्रयोग केला तर डाग राहील बाजूला, माणूसच दवाखान्यात. आणि रेशमावर ब्लीच म्हणजे रेशीमच खलास.

कुणाल, ३०१: केलं डिलीट. सॉरी काका.

मानसी, ५०२: काका, तुम्ही गिरणीत होतात ना? तुम्हीच सांगा.

राणे काका, १०४: रंगखात्यात होतो, ८२ च्या संपापर्यंत. ऐक. आमटीचा डाग एक नसतो, दोन असतात. फोडणीचं तेल आणि हळद. आधी तेल काढायचं. साडी टेबलावर पसर, डागाखाली जुनं सुती फडकं घाल आणि वरून टिश्यूने नुसतं टिपत जा. ओलं रेशीम घासलं की तंतू फुटतात. मग डाग निघाला तरी तिथली चकाकी जाते आणि पांढुरका पट्टा राहतो, तो कोणालाच काढता येत नाही. टिपून झालं की टाल्कम पावडर भरपूर भुरभुरव, रात्रभर ठेव, सकाळी मऊ ब्रशने हलकेच झाड. पावडर तेल ओढून घेते. हळदीला मात्र घरी हात लावू नकोस. साडी ड्रायक्लीनवाल्याकडे दे आणि "आमटी आहे, हळद आहे, काल पडली" असं तोंडाने सांग. डागाभोवती दोऱ्याचा कच्चा टाका घालून दे, म्हणजे त्याला शोधावा लागत नाही. खडूची खूण नको.

मानसी, ५०२: सासूबाई म्हणतात, उन्हात टाक, हळद उडते.

राणे काका, १०४: सासूबाईंचं खरं आहे, पण ते सुती कपड्याला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. पण ऊन रेशमालाही सोसत नाही, त्याचा रंग विटतो आणि धागा कमजोर होतो. पैठणी सावलीतच ठेव. जरीवर लिंबूबिंबू काही नको.

जोशी वहिनी, ४०४: काका, ह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर हळद पडली होती. साबण लावला तर डाग लालभडक झाला! मी घाबरून तसाच पिळून ठेवलाय.

राणे काका, १०४: घाबरायचं कारण नाही वहिनी. साबणात अल्कली असतं, त्याने हळद लाल होते. आपलं कुंकूसुद्धा हळदीला चुना लावूनच करतात. स्वच्छ पाण्याने खळखळून धुवा, परत पिवळा होईल. मग ओलाच उन्हात टाका.

सावंत काकू, २०३: जुलैत ऊन कुठून आणायचं? आमच्या बाल्कनीत तर समोरच्या टॉवरमुळे मे महिन्यातही येत नाही.

राणे काका, १०४: ढगाळ उजेडातही उडतो, वेळ लागतो इतकंच. घाई करून डागासकट कपडा इस्त्रीवाल्याकडे देऊ नका. गरम इस्त्री फिरली की डाग कायमचा बसतो.

सुयश, ६०१: माझाही नंबर लावा. ट्रेनच्या दारात उभा होतो, टेरिकॉट पँटला ग्रीस लागलंय. दोनदा मशीनमध्ये टाकली, काही फरक नाही.

राणे काका, १०४: ग्रीसवर पाणी काय करणार? कोरड्या पँटवर थोडं खोबरेल तेल चोळ, ग्रीस सैल होऊ दे. मग भांड्यांचं लिक्विड, आणि पाणी शेवटी. चपलेने उडालेल्या डांबरालाही हेच.

सावंत काकू, २०३: आणि पावसातला चिखल पूर्ण वाळू द्यायचा, मग झटकायचा. ओल्या चिखलाला चोळलं की तो आत जातो. आमची बाई हे ऐकतच नाही.

दीप्ती, ३०२: बाळ दूध ओकतं, ते? गरम पाण्यात भिजवते मी.

राणे काका, १०४: दूध, रक्त, अंडं, कायम थंड पाणी. गरम पाण्याने त्यातलं प्रोटीन शिजतं आणि धाग्याला चिकटतं. सुती दुपट्यांना एन्झाइमवाली पावडर उत्तम, ती प्रोटीन तोडते. पण बाळाच्या लोकरी स्वेटरला ती नको. लोकर आणि रेशीम म्हणजेही प्रोटीनच, ती त्यालाही खाते. तिथे ईझी, म्हणजे लोकरीसाठीचं लिक्विड, नाहीतर रिठ्याचं पाणी.

जोशी वहिनी, ४०४: नेलपॉलिश सांडलं तर रिमूव्हर चालतो ना?

राणे काका, १०४: सुती कपड्याला चालतो, तोसुद्धा आधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून, रंग जातो का ते बघून. ब्लेझरच्या आतल्या चकचकीत अस्तराला नको. ते बरेचदा ॲसिटेटचं असतं, ॲसिटोनमध्ये विरघळतं. भोकच पडेल.

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नम्र विनंती. हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामांसाठी आहे.

सावंत काकू, २०३: बरं झालं बोललात. गच्चीवरची वाळत घालायची तार गंजलीय, माझ्या दोन पांढऱ्या चादरींवर तांबडे पट्टे उठलेत. हे सोसायटीचंच काम ना?

राणे काका, १०४: काकू, त्या गंजावर ब्लीच टाकू नका, आणखी पक्का होतो. लिंबाचा रस आणि मीठ लावून उजेडात ठेवा, मग धुवा. पण ब्लीच लावून झालं असेल तर आधी भरपूर पाण्याने धुवून काढा, त्यावरच लिंबू नको.

सेक्रेटरी: तारेचा विषय पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ.

सावंत काकू, २०३: मीटिंग गणपतीनंतर. तोवर काय चादरी पंख्याखाली वाळवू? नायलॉनची दोरी किती लागेल ते मी मोजून ठेवलंय, कुणाल उद्या आणेल.

कुणाल, ३०१: मी?

सेक्रेटरी: ठीक आहे, आणा. पक्कं बिल घ्या, साध्या चिठ्ठीवर पैसे मिळणार नाहीत.