मदत हवी आहे: संरक्षण निविदेत एकदाच होणारा खर्च कसा वाटावा?

नमस्कार मंडळी. 7075 ग्रेडच्या ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटची निविदा भरायची आहे. 240 नग, 14 महिने, 4 लॉट. मुदत 18 महिन्यांच्या आतली, त्यामुळे भाववाढीचं कलम नाही. दर पक्काच द्यायचा.

मशिनिंगचा हिशेब जमतो. 9 किलोच्या ठोकळ्यातून 2.4 किलोचा नग, बुरादा विकून येणारे पैसे वजा केलेत. अडतं ते पुढे. फिक्स्चर (नग मशिनवर पकडायची चौकट), मशिनचं प्रोग्रॅमिंग आणि पहिल्या नगाची तपासणी मिळून एकदाच होणारा खर्च 6 लाख, म्हणजे नगामागे 2,500. पण निविदेत ऑर्डर एकाहून जास्त पुरवठादारांत विभागण्याची अट आहे. 120 च नग आले तर तेच 5,000 होतात! शिवाय दर लॉटला 2 नग तोडून तपासतात, म्हणजे बनवायचे 248.

खाजगी कामात ओव्हरहेड, म्हणजे वरखर्च, मशिन-तासांवर टाकलं की भागतं. इथे तपासणीची वाट बघत तयार माल पडून राहतो, कागदपत्रांत माणूस अडकतो. मशिन-तासांत हे दिसतच नाही, मग दर फसवा स्वस्त निघतो आणि एल-1, म्हणजे सर्वात कमी दराचे, येऊनही तोटा होतो.

तपासणी-कागदपत्रांचा खर्च लॉटमागे धरावा का? दरपत्रकात वेगळी ओळ नसताना ते 6 लाख किती नगांवर वाटता? कामनिहाय खर्चाचा तक्ता कुणाकडे असल्यास नावं झाकून नमुना टाका, प्लीज.