ओव्हरट्रेडिंग: मराठीत काय म्हणावं?

विचारणा: ताळेबंद कसा वाचावा यावरच्या मजकुरात ‘ओव्हरट्रेडिंग’ आलंय आणि शेअर बाजारावरच्या मजकुरातही. दोन्हीकडे ‘अतिव्यापार’ चालेल का?

प्रतिसाद १: नको, घोटाळा होईल. ताळेबंदातल्या ओव्हरट्रेडिंगमध्ये धंदा नफ्यात असतो, आटतं ते खेळतं भांडवल, म्हणजे रोजचा व्यवहार चालवायला लागणारा पैसा.

हिशेब बघा. एका वर्कशॉपची महिन्याची विक्री १० लाख, त्यामागे खर्च ८ लाख. माल ३० दिवस पडून, गिऱ्हाइकाचे पैसे ९० दिवसांनी, पुरवठादाराची उधारी ३० दिवसांची. म्हणजे पैसा ९० दिवस अडकतो: ढोबळमानाने २४ लाख. मोठी ऑर्डर आली, विक्री दुप्पट झाली, की लागतात ४८ लाख. वरचे २४ लाख आणायचे कुठून? महिन्याचा ४ लाख नफा कागदावर दिसतो, पण तोही उधारीतच असतो. गिऱ्हाईक पैसे देवो न देवो, बिल फाडलं की त्यावरचा जीएसटी साधारणपणे पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावा लागतो.

खरा फटका यानंतर बसतो. देणी थकली की पुरवठादार रोखीशिवाय माल सोडत नाही. ३० दिवसांची उधारी गेली, चक्र १२० दिवसांचं झालं आणि गरज ६४ लाखांवर गेली! त्यात ९० दिवसांपलीकडची येणी बँका कॅश क्रेडिटची (माल आणि येण्यांच्या तारणावरच्या कर्जाची) उचल ठरवताना सहसा धरत नाहीत. भरल्या ऑर्डर बुकात कारखाने बंद पडतात ते असे. म्हणून ऑर्डर घेण्याआधीच आगाऊ रक्कम आणि टप्प्याटप्प्याने डिलिव्हरी ठरवून घ्यावी. बिलं ‘ट्रेड्स’वर (छोट्या उद्योगांची येणी मुदतीआधी वटवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर) वटवता येतात का, तेही तेव्हाच पाहावं.

प्रतिसाद २: बाजारात अर्थ निराळा: गरजेपेक्षा जास्त सौदे. तिथे भांडवल खर्चात झिजतं.

१ लाखाचे शेअर इंट्राडेत, म्हणजे त्याच दिवशी, घेऊन विकले, तर दलाली २० अधिक २० रुपये, विक्रीवर ०.०२५ टक्के दराने एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) २५ रुपये, शिवाय एक्स्चेंजचं शुल्क, जीएसटी, मुद्रांक शुल्क. सगळं मिळून ८० रुपयांच्या आसपास. रोज असे चार सौदे, महिन्याचे २० दिवस: सुमारे ६,४०० रुपये. १ लाखाच्या भांडवलावर दरमहा ६ टक्क्यांहून जास्त कमावले, तरच बरोबरी. सेबीच्या जुलै २०२४ च्या अभ्यासात २०२२-२३ मध्ये इंट्राडे करणाऱ्या १० पैकी ७ जणांना तोटा झाला होता; वर्षाला ५०० पेक्षा जास्त सौदे करणाऱ्यांत हेच प्रमाण ८० टक्के.

विचारणा: मग दिवसाला २० सौदे करणारा प्रत्येक जण ओव्हरट्रेडिंग करतो?

प्रतिसाद २: नाही. पद्धत, स्टॉपलॉस (तोटा ठरावीक पातळीला गेला की सौदा बंद करणारी ऑर्डर) आणि खर्च आधी ठरलेला असेल, तर २० सौदेही त्या पद्धतीचाच भाग. उलट दिवसाला दोनच सौदे, पण दुसरा सकाळचा तोटा भरून काढायला दुप्पट आकाराने टाकलेला, तर ते नक्कीच ओव्हरट्रेडिंग. दिवसाच्या तोट्याची मर्यादा, समजा भांडवलाच्या २ टक्के, गाठली की त्या दिवशी टर्मिनल बंद.

प्रतिसाद १: तर बाजारासाठी ‘अतिसौदे’ लिहा, ताळेबंदासाठी ‘भांडवलाबाहेरचा व्यापार’. पहिल्या उल्लेखात सोबत देवनागरीत ‘ओव्हरट्रेडिंग’ ठेवा, सीए आणि बँकवाले तोच शब्द बोलतात. ‘अतिव्यापार’ मात्र दोन्हीकडून गाळा. त्यातून भांडवल अपुरं पडल्याचंही कळत नाही आणि सौदे वाढल्याचंही.