पावसाळ्यात आरसीसीबी वारंवार पडतो. न्यूट्रलची गळती शोधण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. आमचे घर गोव्यातील सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे एका कुळागरात (माडा-पोफळींच्या बागेत) आहे. तिथवर विजेचे खांब आलेले नाहीत, त्यामुळे गेली चार वर्षे संपूर्ण घर सौरऊर्जेवर चालते. 48 व्होल्टची बॅटरी आणि 5 केव्हीएचा इन्व्हर्टर गोठ्यालगतच्या खोलीत असून, तेथून सुमारे 20 मीटर केबलने घरातल्या बोर्डाला वीज येते. इन्व्हर्टरच्या आउटपुटला न्यूट्रल (करंट परतण्याची तार) अर्थशी जोडलेला आहे. बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जाणाऱ्या आणि परतणाऱ्या करंटमध्ये फरक पडला की आपोआप पडणारा, म्हणजे वीज तोडणारा स्विच) आणि त्यापुढे प्रत्येक सर्किटला सिंगल पोल एमसीबी (जास्त करंट गेल्यास पडणारा स्विच) आहेत.

जूनमध्ये पाऊस धरला की आरसीसीबी पडू लागतो, आणि तोही बहुतेक वेळा सकाळी, मिक्सर किंवा इस्त्री सुरू केल्यावर. पहिल्या इलेक्ट्रिशियनने हा जास्त लोडचा दोष ठरवून विहिरीवरच्या पंपाचा 16 अँपिअरचा एमसीबी काढला आणि 25 चा बसवला. एमसीबी मात्र एकदाही पडलेला नव्हता, आणि तिथली तार 2.5 चौरस मिलिमीटरची असल्याने मी जुनाच पुन्हा बसवून घेतला. दुसऱ्याने आरसीसीबी बायपास करण्याचा किंवा इन्व्हर्टरकडचा न्यूट्रल-अर्थ जोड काढण्याचा सल्ला दिला. जोड काढल्यास ट्रिप थांबेल हे खरे, पण मग फेज एखाद्या उपकरणाच्या बॉडीला लागली तरी आरसीसीबीला ते कळणार नाही. माझी आई पहाटे ओल्या अंगणातून अनवाणी विहिरीवर जाते आणि पंपाच्या लोखंडी पाइपाला हात लावून नळ उघडते. त्यामुळे हे दोन्ही उपाय मी करणार नाही.

मी एकेक सर्किट बंद करून पाहिले, तेव्हा पंपाचा एमसीबी खाली असतानाही इस्त्री लावताच आरसीसीबी पडला. या एका गोष्टीने मला बरेच दिवस चकवले. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल बारला जोडलेलाच राहतो, हे नंतर ध्यानात आले. मग पंपाच्या फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा बोर्डातून सोडवून ठेवल्या, तर धो धो पावसातही पाच दिवस एकही ट्रिप झाला नाही. पंपाचे टोक सोडवून केबल 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) तपासली असता, चार दिवसांच्या उघडिपीनंतर न्यूट्रल ते अर्थ 15 मेगओहम मिळाले, तर रात्रभर पाऊस झाल्यावर काटा शून्यालगत आला. फेज ते अर्थ मात्र दोन्ही वेळा चांगले होते. म्हणजे पंप निर्दोष असून, केबलमध्ये कुठेतरी न्यूट्रल अर्थच्या तारेला लागतो आणि घरात लोड वाढला की परतीच्या करंटचा काही भाग त्या वाटेने जातो, असा माझा निष्कर्ष आहे.

अडचण अशी की ही केबल बोर्डापासून विहिरीपर्यंत सुमारे 60 मीटर असून माडा-पोफळींच्या मुळांखालून पाइपात पुरलेली आहे. मध्ये टेप गुंडाळलेला एक सांधा असल्याचे वडिलांना आठवते, पण नेमकी जागा कोणालाच ठाऊक नाही.

संपूर्ण चर न खणता सांध्याची जागा कशी काढावी? न्यूट्रल आणि अर्थ या दोन तारांमधील रोध दोन्ही टोकांकडून मोजून अंतराचा अंदाज बांधता येईल का, की ओल्या सांध्याचाच रोध बदलत असल्यामुळे ते माप फसवे ठरेल? शिवाय पंपासाठी डबल पोल एमसीबी आणि स्वतंत्र 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायचा झाल्यास, तो आताच्या आरसीसीबीच्या पुढे न जोडता इन्व्हर्टरकडून येणाऱ्या केबलवर समांतर घेणे योग्य ठरेल ना? चवथीला घर माणसांनी भरते आणि सध्या पाणी घागरीने ओढावे लागत आहे, म्हणून ज्यांनी अशी पुरलेली केबल प्रत्यक्ष तपासली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.