महानगराच्या वाहतूक अभ्यासात गावाचं येणंजाणं धरतात का?

कुहीचा कास्तकार (धागा सुरू करणारा)

नागपूर महानगराच्या वाहतुकीचा अभ्यास हा आता बारमाही उद्योग झाला आहे. मेट्रोच्या पहिल्या टप्प्यासाठी झाला, २०१८ मध्ये मोबिलिटी प्लॅन, म्हणजे शहराच्या एकूण येण्याजाण्याचा आराखडा झाला, दुसऱ्या टप्प्यासाठी पुन्हा आकडेमोड झाली. आता शहराबाहेरच्या साडेतीन हजार चौरस किलोमीटर महानगर क्षेत्राचं नाव घेतात. त्यात सातशेच्या वर गावं आहेत. अभ्यास करू नका असं मी म्हणत नाही. पण ज्या पद्धतीनं तो होतो त्यात गावाचं येणंजाणं दिसतच नाही, आणि दिसलं नाही की "मागणी नाही" असा शेरा बसतो.

पद्धत अशी. सगळ्या क्षेत्राचे तुकडे पाडतात, त्यांना झोन म्हणतात. शहरात एका वॉर्डाचा एक झोन, इकडे अनेक गावं मिळून एक. मग कोणत्या झोनमधून कोणत्या झोनात किती लोक जातात याचा तक्ता करतात आणि तो आकडा नकाशातल्या रस्त्यांवर टाकतात. जो झोनच्या आतल्या आत फिरला, तो रस्त्यावर येतच नाही. आमच्या भागात बाया मांढळच्या मिरची सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागेवर, देठ तोडायला जातात, दिवाळीपासून कापूस वेचायला शेजारच्या गावी जातात, पोरं तालुक्याच्या शाळेत जातात. ऑटोत दाटीवाटीनं, कधी टपावर. यातलं बहुतेक झोनच्या आतलं, म्हणजे हिशेबाबाहेरचं.

जनगणनाही तशीच. कामावर किती लांब आणि कशानं जाता, हा २०११ चा तक्ता फक्त "इतर कामगार" या गटाचा आहे. शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगवाले त्यातून वगळलेले. खेड्यातले बहुसंख्य कमावते लोकच गेले.

आणि घरी येऊन विचारतात ते "काल कुठे गेलात, कशानं गेलात". शेजारची म्हातारी काल दवाखान्यात गेलीच नाही, कारण दुपारनंतर गाडी नाही. फॉर्मवर तिची फेरी शून्य. यावर आराखडा काय सांगणार? तिला जायचं नव्हतं असंच ना?

मतं सांगा. विरोधी असलं तरी चालेल.

मोजणीवाला

कास्तकार भाऊ, अशा सर्वेक्षणांवर मी काम केलं आहे, म्हणून थोडं आतलं सांगतो. झोनचं तुमचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. पण महानगराचा अभ्यास कशासाठी असतो ते बघा. मेट्रो कुठवर न्यायची, वळण रस्ता कुठून काढायचा, बस टर्मिनल कुठे हवं, असे हजारो कोटींचे निर्णय त्यावर ठरतात. २०१७ च्या मेट्रो धोरणानुसार मोबिलिटी प्लॅन आणि पर्यायांची तुलना सोबत असल्याशिवाय केंद्राकडे प्रस्तावच जात नाही. मांढळच्या सातऱ्यावर जाणाऱ्या ऑटोसाठी हे हत्यार नाही. ट्रक तोलायच्या धर्मकाट्यावर पावशेर मिरची ठेवली आणि काटा हलला नाही, तर काटा खोटा ठरत नाही.

जनगणनेचा तक्ता फक्त पडताळ्याला असतो. घरोघरच्या सर्वेक्षणात शेतमजुराचंही घर येतं. क्षेत्राच्या सीमेवर मोठ्या रस्त्यांवर नाके लावून गाड्या थांबवून विचारतात, कुठून आलात, कुठे चाललात. तिथे तुमचा कळमन्याच्या बाजाराला जाणारा टेम्पो येतोच.

कुहीचा कास्तकार

पावशेर कशी म्हणता भाऊ? सातशे गावं आहेत. सगळी मिरची एकदम ठेवा, मग बघू काटा हलतो की नाही.

सीमेवरच्या नाक्याचंही सांगतो. आमच्या तालुक्याचा काही भाग महानगर क्षेत्रात, काही बाहेर. नाका त्या रेषेवर लागला तर रेषा ओलांडणारा तेवढा दिसतो. आत राहून आत फिरणाऱ्याला नाका नाही आणि झोनही नाही.

सावनेरचा संत्रेवाला

राजेहो, तुमी झोन-झोन काय करून रायले? आमच्याकडं अभ्यासाचा अर्थ सोपा आहे. अभ्यास झाला का नकाशा फुटते, नकाशा फुटला का दलाल येते. रस्त्याची रेघ इकडून जाणार अशी नुसती हवा झाली तं आमच्या शिवाराच्या बाजूला संत्र्याची बाग तोडून लेआउट पडला. आता तिथं खांब रोवले हायेत, घर एकबी नाई, अन् पांदणीवर कुंपण.

सप्टेंबर २०२५ ले मंत्रिमंडळानं १४८ किलोमीटरच्या नव्या बाह्य वळण रस्त्याले मंजुरी देल्ली. सोबत ट्रक अन् बसचे टर्मिनल. चांगलं हाय. पण मले सांगा, समृद्धीवर माह्या ट्रॅक्टर जाते का? नाई. फटफटी जाते का? नाई. मंग हा नवा रस्ताबी तसाच निघाला अन् माह्या शेताजवळून गेला तं त्याचं म्या काय करू, फोटो काढू?

बुटीबोरी जनरल शिफ्ट

मी खेड्यातलाच, पण कास्तकार काकांचं पटत नाही. आमच्या गावातली माझ्या वयाची पोरं शेतात किती आणि एमआयडीसीत किती ते एकदा मोजा. मेट्रोचा दुसरा टप्पा ४३.८ किलोमीटरचा आहे, केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर केला. एक टोक बुटीबोरी एमआयडीसीला, एक हिंगण्याला, एक कन्हान नदीपर्यंत, एक कापसीकडे ट्रान्सपोर्ट नगरला. हे चारही शहराबाहेर जातात. अभ्यासात गाव दिसलंच नसतं तर मार्ग शहरातच फिरला असता.

आराखडा वीस-तीस वर्षं पुढचं बघून करतात. वीस वर्षांनी कापूस वेचायला कोण जाणार आहे? आज बुटीबोरीला जाताना हायवेवर ट्रकांच्या मधून मोटारसायकल काढावी लागते. रात्रपाळी सुटल्यावर डोळ्यांवर झापड असते. आमच्या फाट्यावर दरवर्षी कोणीतरी जातं. मला ती मेट्रो हवी, आणि लवकर हवी. तुमचा सातरा मोजायला आणखी दोन वर्षं घालवून नको.

रिटायर कंडक्टर

आकडे नाहीत असं कोण म्हणतं? एसटीच्या तिकीट मशीनमध्ये कोणत्या टप्प्यावरून कोणत्या टप्प्यापर्यंत किती तिकिटं फाटली हे सगळं असतं. फेरीवार, दिवसवार. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, त्याच्या आधी ७५ वर्षांवरच्यांना मोफत झालं. या दोन सवलतींनी खेड्यातून कोण प्रवास करतं ते मशीनमध्ये वेगवेगळं नोंदलं जातं. घरोघर फिरण्याआधी तो डेटा मागा.

पण एक सांगतो, तो डेटाही अर्धाच बोलतो. आमच्याकडे सगळं भारमानावर, म्हणजे गाडीतल्या किती जागा भरल्या त्यावर चालतं. फेरीचं भारमान कमी झालं की ती बंद करायच्या यादीत. आता गाडी दोन दिवस आली, तिसऱ्या दिवशी आली नाही, तर माणूस काळीपिवळीत बसतो. मग भारमान पडतं. मग फेरी बंद होते. मग वरचे साहेब म्हणतात, बघा, लोकच नाहीत. पहिल्यांदा मुक्कामी गाड्या गेल्या. त्या गेल्या की सकाळची पहिली गाडी गेली, कारण ती रात्री गावात उभी असायची म्हणूनच पहाटे निघायची.

आणि ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ संप होता. त्या काळात कोणी नाक्यावर उभं राहून मोजलं असेल तर विदर्भातल्या खेड्यांना एसटी लागतच नाही असाच निष्कर्ष निघाला असता.

मोजणीवाला

कंडक्टर काका, तिकीट मशीनचा मुद्दा शंभर टक्के मान्य.

मोजणी कोणत्या महिन्यात करायची याचंही बोलतो, कारण तिथे कास्तकार भाऊंची बाजू माझ्यापेक्षा भक्कम आहे. खेड्यातल्या रस्त्यांवरची वाहतूक कशी मोजायची यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसचा आयआरसी-९ आहे, १९७२ चा. तो सांगतो, वर्षातून किमान दोनदा मोजा, दर वेळी सलग सात दिवस, चोवीस तास. एक मोजणी पीक निघून बाजारात जातं त्या हंगामात, दुसरी मंदीच्या दिवसांत. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी कोणाला तरी कळलं होतं की खेड्यातला रस्ता बाराही महिने सारखा नसतो. महानगराच्या अभ्यासात मात्र एखादा "सामान्य आठवडा" धरतात. कळमेश्वर-काटोलकडे आंबिया बहाराचा संत्रा ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतो आणि मृगाचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. तिथे मे महिन्यात मोजलं तर काय हाती लागणार?

तरी मूळ मुद्दा सोडत नाही. हंगामी वाहतुकीसाठी कायमची मेट्रो बांधत नाहीत.

कुहीचा कास्तकार

मेट्रो मागितली कोणी? एक मिडी बस मागतोय.

गाड्या मोजण्याचंही गणित बघा. रस्त्यावरची सगळी वाहनं कारच्या एककात बदलतात. आयआरसी-६४ मध्ये कार १, बस ३, ट्रॉलीसकट ट्रॅक्टर साडेचार आणि मोठी बैलबंडी ८. किती जागा अडवते त्यावर हे आकडे. म्हणजे बैलबंडी आठ कारइतकी अडचण, आणि पन्नास माणसं बसलेली बस तीन कारइतकी. माणूस कुठे आहे यात?

मोजणीवाला

ते एकक रस्ता किती रुंद हवा हे ठरवायला आहे. गाडीत किती माणसं बसली याची मोजणी वेगळी करतात, भाऊ. दोन्ही एकत्र करून भांडू नका.

शाळेतली बाई

तुम्ही सगळे किलोमीटर आणि गाड्या बोलताय, वेळेबद्दल कोणीच बोललं नाही. सरकारच्या मानव विकास योजनेतल्या मुलींसाठीच्या निळ्या बसमुळे आमच्या तालुक्यातल्या मुली दहावीच्या पुढे शिकायला लागल्या, हे मी डोळ्यांनी बघते आहे. तोच रस्ता, तेच खड्डे. फरक इतकाच की गाडी शाळेच्या वेळेला येते. पण मुलगी बारावी झाली आणि नागपूरला कॉलेजला जायचं म्हटलं की गाडी नाही. मग खोली करून राहायचं किंवा लग्न. "काल किती फेऱ्या केल्या" विचारून हे कळत नाही. "गाडी असती तर कुठे गेला असता" हा प्रश्न फॉर्मवर का नसतो?

बुटीबोरीवाल्या दादा, तुम्ही रात्रपाळी करून मोटारसायकलनं येऊ शकता. तुमच्या बहिणीला घरचे पाठवतील का?

बुटीबोरी जनरल शिफ्ट

नाही पाठवत ताई. म्हणूनच तर स्टेशन हवं म्हणतो. मेट्रोत ती एकटी येऊ शकेल.

शाळेतली बाई

स्टेशनपासून घरापर्यंत?

यवतमाळवाला

तुम्हा नागपूरवाल्यांचा निदान अभ्यास तरी होतो. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेला २००८-०९ मध्ये मंजुरी मिळाली, २८४ किलोमीटर. वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरू झाली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. आमची शकुंतला, ती जुनी छोटी रेल्वे, तर गेलीच. सगळा पैसा नागपूरच्या भोवती फिरणार आणि वाद कशावर, तर सातरा झोनमध्ये की बाहेर.

रिटायर कंडक्टर

शकुंतलेवरून आठवलं. नागपूर-उमरेड-भिवापूर-नागभीड छोटी लाईन २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. १०६ किलोमीटर. भिवापूरच्या माणसाचं स्वस्तातलं साधन तेच होतं. ती बंद असताना त्या पट्ट्यात जो सर्व्हे होईल त्यात रेल्वेनं जाणारे शून्यच निघणार. मोठी लाईन झाल्यावर गाड्या किती सोडायच्या हे त्या शून्यावरून ठरवू नका, एवढंच माझं म्हणणं.

पंचायत समितीचा माणूस

कायद्याचं कोणीच काढलं नाही म्हणून लिहितो. घटनेच्या २४३ झेडई कलमानं महानगर नियोजन समिती असते. तिच्यात किमान दोन तृतीयांश सदस्य हे त्या क्षेत्रातल्या नगरपालिकांचे निवडून आलेले सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांच्यातून, त्यांनीच निवडायचे असतात, लोकसंख्येच्या प्रमाणात. विकास आराखड्याचा मसुदा करायचं काम त्या समितीचं. म्हणजे सरपंचाला तिथे मत आहे. सर्व्हे कोणत्या महिन्यात करायचा, फॉर्मवर कोणता प्रश्न हवा, हे तिथे मांडता येतं. पण माझा अनुभव असा की सरपंचांच्या बैठकीत वाहतूक म्हटलं की पुलाचं काम कोणाला आणि डांबर कोणतं, यापुढे गाडी जात नाही. सल्लागाराला दोष देणं सोपं आहे.

सावनेरचा संत्रेवाला

समितीत लोकसंख्येच्या प्रमाणात म्हणजे एकट्या नागपूर शहराचे २४ लाख, २०११ चे. आमच्या सरपंचाच्या मताले कोण विचारते बाप्पा?

मोजणीवाला

प्रमाण ग्रामीण भागालाही लागू आहे, संत्रेवाले काका. पण तुमची शंका अगदीच चुकीची नाही.

बाईंच्या प्रश्नावर. "गाडी असती तर" हा प्रश्न काही सर्वेक्षणांत असतो, नवीन साधन येणार असेल तर विचारतात. अडचण अशी की लोक "हो, जाऊ" म्हणतात आणि गाडी आल्यावर जात नाहीत. त्या उत्तरावर सरकारी पैसा लावायला कोणी तयार होत नाही. त्यापेक्षा चार महिने गाडी चालवून बघा आणि तिकिटं मोजा, असं माझं मत.

रिटायर कंडक्टर

चार महिन्यांत भारमान बसत नाही हो. लोकांना वेळापत्रकावर विश्वास बसायलाच एक हंगाम जातो. आणि ते चार महिने जून ते सप्टेंबर ठेवले तर चिखलात गाडी फाट्यावरूनच परत जाईल.

मोजणीवाला

मग वर्षभर चालवा. पण तोटा कोणाच्या खात्यात लिहायचा ते आधी ठरवा. महानगर प्राधिकरण म्हणेल बस आमचं काम नाही, एसटी म्हणेल महानगर तुमचं.

कुहीचा कास्तकार

वळण रस्त्याच्या खात्यात लिहा. आमची जमीन घेऊन तो होतोय, त्यातून वर्षाची बस निघत नसेल तर मग तो अभ्यास कोणाच्या वाहतुकीचा आहे ते तरी मुखपृष्ठावर छापा.

बुटीबोरी जनरल शिफ्ट

रस्त्याच्या पैशातून बस चालवली की रस्ता रखडतो, काका. आणि रस्ता रखडला की फाट्यावर मरतो तो मी.