तिमाही आढाव्याची पीपीटी आटोपशीर कशी करावी?

आकडेमोड:
पुढच्या आठवड्यात विक्रीचा तिमाही आढावा मला मांडायचा आहे. वेळ 20 मिनिटं. हातात आलीय 34 स्लाइडची जुनी पीपीटी. निम्म्या स्लाइडवर एक्सेलमधले तक्ते जसेच्या तसे चिकटवलेले. साहेबांची अट अशी: एकही आकडा गाळायचा नाही, पण लोक पेंगताही कामा नयेत. कसं जमवू?

रंगरंगोटी:
टेम्प्लेट बदला, थोडं अ‍ॅनिमेशन घाला. निम्मं काम तिथंच होतं.

तिसरी_रांग:
कृपा करून अ‍ॅनिमेशन नको. एकेक ओळ उडत येईपर्यंत वाट बघणं ही शिक्षा असते. मी बैठकीत कायम मागे बसतो, अनुभवाचे बोल आहेत.

आधी प्रत्येक स्लाइडचं शीर्षक बदला. 'विभागवार विक्री: दुसरी तिमाही' यातून काहीच कळत नाही. 'पश्चिम विभागाची विक्री घटली, कारण दोन वितरक सोडून गेले' असं पूर्ण वाक्य लिहा, आणि खाली ते वाक्य सिद्ध करणारा एकच चार्ट ठेवा. ज्या स्लाइडला असं वाक्य सुचत नाही, ती स्लाइड मुळात कशाला होती हे साहेबांनाच विचारा. माझा अंदाज, आठ-नऊच उरतील.

पाय चार्ट (वर्तुळाचे तुकडे पाडलेले आलेख) असतील तर काढा. डोळ्यांना कोनांपेक्षा लांबीची तुलना सोपी जाते, म्हणून सरळ बार वापरा, मोठ्याकडून लहानाकडे लावा. ज्याबद्दल बोलायचंय तो एकच बार रंगीत, बाकी सगळे करडे.

आकडे गाळू नका, लपवा. तक्त्यांच्या स्लाइड शेवटी नेऊन 'हाइड' करा. कुणी विचारलंच तर स्लाइड शो चालू असताना त्या स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबा, थेट तिथं जाता. क्रमांकांची चिठ्ठी जवळ ठेवा. आणि चर्चा रंगली की 'बी' दाबा, पडदा काळा होतो आणि माना तुमच्याकडे वळतात.

नेमस्त:
अमेरिकी गुंतवणूकदार-लेखक गाय कावासाकींचा 10-20-30 नियम आहेच की: 10 स्लाइड, 20 मिनिटं, 30 पॉइंटचा फॉन्ट.

तिसरी_रांग:
तो गुंतवणूकदारांकडे पैसे मागायला जाणाऱ्यांसाठी होता. तिमाही आढाव्यात 10 चा आकडा धरून बसू नका. 30 पॉइंट मात्र जरूर घ्या. मागच्या रांगेचे आशीर्वाद मिळतील.

आकडेमोड:
शीर्षकांचं पटलं. पण आमच्याकडे बैठकीनंतर हीच पीपीटी सगळ्यांना मेल होते. जे आलेच नव्हते त्यांना एका बारवरून काय कळणार?

तिसरी_रांग:
काही नाही कळणार. म्हणून त्यांच्यासाठी दोन पानांची टिपणी वेगळी लिहा. वाचायचा कागद आणि बोलताना मागे दाखवायचा पडदा एकाच फाइलमध्ये कोंबले की दोन्ही बिघडतात. अ‍ॅमेझॉनमध्ये तर 2004 मध्ये जेफ बेझोस यांनी वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट हद्दपारच केलं. सहा पानांपर्यंतचं टिपण आणायचं, सुरुवातीला सगळ्यांनी ते गुपचूप वाचायचं, मग चर्चा. तुमच्या साहेबांना एवढं झेपेल असं वाटत नाही :) पण लपवलेल्या स्लाइड त्यांना आदल्या दिवशीच उघडून दाखवा. आकडे जागेवर आहेत हे दिसलं की बाकीच्या काटछाटीला ते फारशी हरकत घेणार नाहीत.