मदत हवी आहे: वाचनालयातील संगणकासाठी बघण्यासारखी आणि उपयोगी संकेतस्थळे कशी शोधावीत?

सर्वांना नमस्कार.

कोल्हापुरात आमच्या पेठेतील तालीम मंडळाचे एक लहानसे वाचनालय आहे. खाली तालीम आणि वरच्या मजल्यावर दोन खोल्या, एवढाच त्याचा पसारा आहे. गेल्या दिवाळीत मंडळाच्या एका जुन्या सभासदांनी आपला वापरातला संगणक वाचनालयाला दिला आणि शेजारच्यांनी आपल्या वायफायचा वापर करण्यास परवानगी दिली. मी एका शाळेत २२ वर्षे ग्रंथपाल होते, त्यामुळे रोज संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत त्या संगणकापाशी बसण्याची जबाबदारी मंडळाने माझ्यावर सोपवली आणि मी ती आनंदाने घेतली.

येणाऱ्यांत दहा ते चौदा वर्षांची सात-आठ मुले असतात, काही निवृत्त गृहस्थ असतात आणि स्वयंपाकाच्या आधी अर्धा तास सवड काढून येणाऱ्या तीन-चार महिलाही असतात. सुरुवातीचे पंधरा दिवस मुलांनी चलचित्रांखेरीज काहीही उघडले नाही. एक संपले की यंत्र दुसरे पुढे करत असे आणि मुले ते पाहत बसत. एके दिवशी त्या महिलांपैकी एकीने मला विचारले, "ताई, इंटरनेटवर सगळं असतं म्हणतात, पण बघायचं म्हटलं तर नेमकं काय उघडायचं?" त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि तोच प्रश्न आज मी येथे विचारत आहे.

माझी अडचण थोडी सविस्तर सांगते. शाळेत असताना मी मुक्तद्वार पद्धतीचा आग्रह धरला होता, म्हणजे मुलांनी चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव लिहून देण्याऐवजी स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक काढावे. याचे कारण असे की, चिठ्ठीवर तेच नाव लिहिता येते जे आधी ठाऊक असते. परंतु सापांवरचे पुस्तक शोधायला आलेल्या मुलाच्या हाती त्याच फळीवरचे कासवांवरचे पुस्तक लागते आणि पुढचे दोन महिने तो कासवांचाच होऊन जातो. कोल्हापुरात १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरात मी स्वतः अशीच फळ्यांपुढे उभी राहून वाचायला शिकले. शोधयंत्र मला त्या चिठ्ठीसारखे वाटते. शब्द घातला तर उत्तर मिळते, पण कोणता शब्द घालावा हे ज्याला ठाऊक नाही त्याला फळीपाशी नेऊन उभे करणारे कोणी नाही.

पूर्वी अशी सोय होती, हे मला वाचनातून समजले. याहूने १९९४ पासून संकेतस्थळांची विषयवार निर्देशिका चालवली होती आणि ती २०१४ च्या अखेरीस बंद झाली. स्वयंसेवक संपादकांनी उभी केलेली 'डीमॉझ' ही निर्देशिका १९९८ मध्ये सुरू झाली आणि मार्च २०१७ मध्ये थांबली. 'स्टम्बलअपॉन' नावाची सेवा तर आवडीचे विषय एकदा सांगितले की प्रत्येक कळीसरशी एक अनोळखी संकेतस्थळ पुढे ठेवत असे. तीही २०१८ मध्ये बंद पडली. एका ग्रंथपालाच्या नजरेने पाहिले तर ही तालिकाच मोडीत काढल्यासारखे आहे, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

तरीही गेल्या सात महिन्यांत आम्हाला काही चांगल्या जागा सापडल्या आहेत. त्या येथे लिहिते, म्हणजे सुचवणाऱ्यांना आमची आवड लक्षात येईल.

सर्वांत मोठा ठेवा आम्हाला 'पारी' या संकेतस्थळावर मिळाला. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या या संग्रहात ग्रामीण भारतातील माणसांच्या, कामांच्या आणि कलांच्या गोष्टी मराठीतही वाचता येतात. त्यातच जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सुरू केलेल्या या कामात महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतील बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या असून, त्यांतील अनेक ओव्या त्या बायकांच्याच आवाजात ऐकता येतात. आमच्याकडे येणाऱ्या एक आजी पडद्याकडे न बघता डोळे मिटून ऐकत होत्या. तिसऱ्या ओवीला त्यांचा उजवा हात मांडीवर आपोआप गोल फिरू लागला, आणि ओवी संपल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्यात ह्याची दुसरी ओळ येगळी हाय." मग त्यांनी ती दुसरी ओळ म्हणून दाखवली. एका मुलीने ती वहीत उतरवून घेतली आहे. असे काही घडावे, एवढीच माझी या संगणकाकडून अपेक्षा आहे.

दुसरी जागा 'रेडिओ गार्डन'. पडद्यावर पृथ्वीचा गोल दिसतो, त्यावर हिरवे ठिपके असतात आणि ज्या ठिपक्यावर थांबावे तेथील रेडिओ केंद्र त्याच क्षणी ऐकू येते. मस्कतमध्ये बरीच वर्षे नोकरी करून परतलेले एक काका तेथील केंद्र रोज दहा मिनिटे ऐकतात आणि मुलांना अरबी शब्दांचे अर्थ सांगतात.

मुलांना 'नील डॉट फन' या संकेतस्थळावरील खोल समुद्राचे पान फार आवडले. पान खाली सरकवत गेले की खोली मीटरमध्ये वाढत जाते, त्या त्या खोलीवरचे प्राणी भेटतात आणि सुमारे ११ किलोमीटरवर तळ लागतो. पन्हाळा समुद्रसपाटीपासून हजार मीटरही उंच नाही, म्हणजे असे दहा पन्हाळे एकावर एक ठेवले तरी ते पाण्याखालीच राहतील, हा हिशेब एका सातवीतल्या मुलाने स्वतः केला. याखेरीज मराठी विश्वकोश आणि 'नासा'चे रोजचे खगोलचित्र (हे १९९५ पासून दररोज एक प्रसिद्ध होते) यांचा आम्ही नियमित उपयोग करतो.

एक वाईट अनुभवही सांगणे आवश्यक आहे. शेतीचा सातबारा पाहण्यासाठी एका गृहस्थांनी शोधयंत्रात शब्द घातले आणि सर्वांत वर आलेले पान उघडले. त्यावर सरकारी वाटेल असे चिन्ह होते, म्हणून त्यांनी मागितलेले ३५० रुपये भरले. उतारा काही मिळाला नाही. सातबारा केवळ माहितीसाठी पाहणे शासनाच्या महाभूलेख संकेतस्थळावर विनामूल्य आहे, हे आम्हाला नंतर समजले. मी त्या वेळी शेजारीच बसले होते आणि तरीही माझ्या लक्षात आले नाही, याची खंत मला आजही आहे.

त्यामुळे सुचवताना कृपया काही गोष्टी विचारात घ्याव्यात. मोबाइल क्रमांक किंवा खाते मागणारी संकेतस्थळे मुलांसाठी नकोत. संगणक जुना असून त्याला ४ जीबी मेमरी आहे. मजकूर मराठीत असावा, किंवा मग चित्र, नकाशा, आवाज यांवर भर असावा, म्हणजे भाषेची अडचण येणार नाही. आणि माझा मुख्य प्रश्न नावांचा नाही. नावांची यादी मी भिंतीवर लावीन, पण ती दोन महिन्यांत संपेल. आपण स्वतः नवी संकेतस्थळे कोणत्या वाटेने शोधता, ती वाट मला हवी आहे.

प्रतिसाद १

ताई, मी वाटेबद्दलच लिहितो, कारण मी स्वतः तिचाच उपयोग करतो.

विकिपीडियावरील कोणताही लेख उघडा आणि मजकूर न वाचता थेट तळाशी जा. तेथे 'संदर्भ' आणि 'बाह्य दुवे' असे भाग असतात. तो लेख लिहिणाऱ्या माणसाने ज्या ठिकाणांवर विश्वास ठेवला त्यांची ती यादी असते, आणि आपण ज्याला फळी म्हणता ती मला येथेच सापडली. मराठी विकिपीडिया २००३ पासून सुरू आहे. त्यावर 'अविशिष्ट लेख' असा दुवा आहे, तो दाबला की कोणताही एक लेख समोर येतो. मराठी लेख त्रोटक असेल तर त्याच पानावरून त्याच विषयाच्या हिंदी किंवा इंग्रजी लेखावर जावे आणि तेथील दुवे पाहावेत.

दुवा मृत निघाला तर निराश होऊ नये. 'इंटरनेट आर्काइव्ह' ही संस्था १९९६ पासून संकेतस्थळांच्या प्रती जतन करत आली आहे. तिच्या 'वेबॅक मशीन'मध्ये तो जुना पत्ता घातला की बहुतेक वेळा ते पान पूर्वी कसे होते ते दिसते. त्याच आर्काइव्हवर जुनी मराठी पुस्तके आणि मासिकेही भरपूर आहेत, परंतु त्यांची नावे अनेकदा रोमन लिपीत आणि वेड्यावाकड्या वर्णलेखनात नोंदवलेली असल्यामुळे देवनागरीत शोधून ती सापडत नाहीत. एकच नाव दोन-तीन प्रकारे रोमन लिपीत लिहून पाहावे लागते. हे काम मुलांना द्या, त्यांना ते कोड्यासारखे वाटते.

सातबाऱ्याच्या प्रसंगावरून एक सांगतो. शोधयंत्रात सर्वांत वर येणारे दुवे पुष्कळदा जाहिरातीचे असतात आणि तसे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. सरकारी कामासाठी पत्त्यातील मुख्य नावाचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असा आहे का, हे पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. महत्त्वाची चार-पाच सरकारी संकेतस्थळे खूणपत्रात (बुकमार्कमध्ये) साठवून ठेवावीत, म्हणजे शोधण्याचा प्रश्नच येणार नाही.

प्रतिसाद २

शब्दांची आवड असणाऱ्यांसाठी शिकागो विद्यापीठाने ठेवलेले दक्षिण आशियाई शब्दकोश पाहावेत. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश या दोन्हींमध्ये तेथे देवनागरीत शब्द घालून शोधता येते. आपल्या ओवी म्हणणाऱ्या आजींचे शब्द त्यात शोधून पाहा. प्रमाणभाषेच्या कोशांनी सोडलेले कितीतरी शब्द मोल्सवर्थमध्ये सापडतात.

मुलांसाठी 'झेनो कँटो' सुचवते. जगभरातील पक्ष्यांचे आवाज तेथे खात्याशिवाय ऐकता येतात. पक्ष्याचे इंग्रजी किंवा शास्त्रीय नाव घालावे लागते, तेवढे आपण शोधून द्यावे.

आणि सध्याचे दिवस पावसाचे आहेत म्हणून आणखी एक. 'अर्थ नलस्कूल' या संकेतस्थळावर पृथ्वीवरील वारे वाहत्या रेषांनी दाखवलेले असतात. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडून वारे कसे वळतात आणि थेट आपल्या कोकण किनाऱ्यावर कसे येतात, हे जूनमध्ये त्यावर स्पष्ट दिसते. भूगोलाच्या पुस्तकातील बाणांपेक्षा मुलांना ते लवकर समजते.

मूळ धागाकर्ती

आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार. चार दिवस प्रयोग करून मग लिहावे असे ठरवले होते.

'बाह्य दुवे' ही युक्ती मी सोमवारी मुलांना दाखवली. एका मुलीने कासवाच्या लेखापासून सुरुवात केली आणि सहाव्या दुव्यावर ती समुद्रातील कासवांच्या प्रवासाच्या नकाशापाशी पोहोचली. कासव कोणी सुचवले नव्हते, हे आवर्जून सांगते. आता आम्ही एक नोंदवही केली आहे. त्यात कोणत्या पानावरून कोणते पान सापडले, हे प्रत्येकाने आपल्या हाताने लिहायचे आहे. भिंतीवर यादी लावण्याचा विचार मी सोडून दिला आहे.

'झेनो कँटो'वर तांबट पक्ष्याचा आवाज लावला तेव्हा मुले एकदम खिडकीकडे धावली, कारण समोरच्या पिंपळावरून दुपारभर येणारी ती टुकटुक कोणाची, हे त्यांना आजवर ठाऊक नव्हते. आजींचे तीन शब्द मोल्सवर्थमध्ये शोधले, दोन मिळाले. तिसरा शब्द मात्र मिळाला नाही, तो दाते-कर्वे कोशात उद्या पाहणार आहोत.

एक प्रश्न अजून उरला आहे. पाऊस वाढला की आमच्याकडे येणारा प्रत्येक जण प्रथम पंचगंगेची पातळी विचारतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षांचे पाणी पाहिलेली ही माणसे असल्यामुळे हे आकडे त्यांना तोंडपाठ आहेत. भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या संदेशांत मात्र कोणी कालची पातळी आजची म्हणून पाठवतो, तर कोणी दोन वर्षांपूर्वीचे छायाचित्र जोडतो. हवामान विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हानिहाय इशारे आणि रडारची चित्रे आम्ही पाहू लागलो आहोत. परंतु बंधाऱ्याची पातळी आणि राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले आहेत, ही माहिती वेळेच्या नोंदीसह जेथे अधिकृतपणे दिली जाते, असे एकच पान कोणी नियमित पाहत असल्यास कृपया त्याचे नाव कळवावे. ते मी संगणक सुरू होताच पहिले उघडेल असे लावून ठेवीन.