८०यू : बिलं नकोत, टक्केवारी पाहा

वडिलांच्या डोळ्यांच्या उपचाराची बिलं ८०यू साठी (दिव्यांग व्यक्तीला स्वतःच्या उत्पन्नातून वजावट देणारं आयकराचं कलम) जोडायची का, असं विचारलं आहे. नाही. ही वजावट ठरावीक रकमेची आहे, खर्च झाला असो वा नसो. दिव्यांगत्व ४०% पासून असेल तर 75,000 आणि ८०% किंवा अधिक असेल तर 1,25,000 रुपये. विवरणपत्र वडील स्वतः भरणार असतील तर ८०यू. ते तुमच्यावर अवलंबून असतील तर तुम्हाला ८०डीडी, म्हणजे अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठीची वजावट. एकाच व्यक्तीसाठी दोन्ही मिळत नाहीत.

खरी अडचण दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रात येते. एक डोळा पूर्ण गेला पण दुसरा चांगला असेल तर ३०% च धरतात, म्हणजे वजावट शून्य. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर मुदत आधी बघा. ती संपल्यावर पुन्हा तपासणी करून नवं घ्यावं लागतं. फॉर्म १०-आयए (आयकरासाठीचा वैद्यकीय प्रमाणपत्राचा नमुना) मात्र अंधत्वासाठी लागत नाही, तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी वगैरेंसाठी आहे. इथे बरेच जण उगाच अडकतात.

आणि हे सगळं फक्त जुन्या करप्रणालीत. आर्थिक वर्ष 2025-26 मध्ये नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर करच नाही, म्हणून दोन्हीकडचा हिशोब मांडून मगच निवडा. जुनी हवी असेल तर विवरणपत्र मुदतीतच भरा, उशीर झाला की ती निवडता येत नाही.

नोकरदार अंध व्यक्तीला दरमहा 3,200 रुपयांपर्यंतचा वाहतूक भत्ता नव्या प्रणालीतही करमुक्त आहे. महाराष्ट्रात व्यवसाय करही माफ आहे; पगारातून 200 रुपये कापले जात असतील तर प्रमाणपत्राची प्रत पगार विभागाला द्या.